संत्रं निसटलं तेव्हा

ऐक ना, नुसतं ऐक, मधे काही विचारू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो. मुताले माहितीये ना तुला, आपल्या दारेसलामच्या बंदराजवळ लुकुवी साहेबांचं गाड्या सोडवून द्यायचं क्लिअरिंग ऑफिस आहे, तिथली, झांबियाहून आलेली, कासामाची बेंबा पोरगी, ती हसली की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून बघतो, ती. तर ती परवा भर दुपारी कारियाकोच्या बाजारातून डालाडालाच्या मिनीबसमध्ये बसली, खिडकीची जागा मिळाली, सगळं छान, आणि तिच्या पुढच्या सीटवर एक माणूस सोललेलं संत्रं चोखत होता. आपल्याकडे मिळतं ना, वरची हिरवी साल तासून काढलेलं आणि डोकं छाटलेलं, तसलं. गाडी सिग्नलला उभी होती. धक्का नाही, ब्रेक नाही, काही नाही. आणि त्याच्या हातातून ते संत्रं निसटलं. निसटलं म्हणजे त्यानं टाकलं नाही, बोटांनी सोडलं त्याला, जसं काही बोटांचा आणि त्याचा संबंधच संपला. ते गडगडत मुतालेच्या सँडलपाशी आलं. त्या माणसानं आपल्या हाताकडे पाहिलं आणि हसला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, संत्र्याचं तिकीट वेगळं पडेल हां." सगळी गाडी हसली. मुताले उठली, लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत दाराशी गेली आणि भलत्याच स्टॉपवर उतरली.

तिथं एक गाद्यांचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर ती बसली. ऊन असं की कापूस पेटेल. दुकानदार म्हणाला, "ताई, गादीवर बसा की, पायरीवर काय ठेवलंय?" तिला ऐकूच गेलं नाही. तिच्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये सकाळी अकरा वाजता आलेला एक मेसेज होता, तियोंगे नावाच्या तिकडच्या एका पोरीचा, तो तिनं उघडला नव्हता. वर पट्टीत जेवढं दिसतं तेवढंच वाचलं होतं, "मुताले ताई, आज", बस. पण तेवढ्यानंच तिनं फोन पर्समध्ये परत टाकला होता. कारण तियोंगे तिला ताई म्हणत नाही. एका वर्षात एकदाही म्हणाली नव्हती. तियोंगे तिला माकडखाऊ म्हणते.

आता तुला चिम्बुया सांगायला पाहिजे. तिकडे झांबियात बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींची माणसं एकमेकांची चिम्बुया, म्हणजे थट्टेची सोयरी. पूर्वी कधीतरी दोघांनी एकमेकांची डोकी फोडली, दमले, आणि ठरवलं की आता भाल्यांऐवजी जिभेनं मारायचं. म्हणजे बेंबा माणूस न्गोनी माणसाला काहीही बोलू शकतो. उंदीरखाऊ म्हणू शकतो, त्याच्या ताटातलं मटण उचलू शकतो, तो मेला तर त्याच्या मयताला जाऊन नाचू शकतो, आणि त्यानं रागवायचं नाही. रागावला तर त्याचीच लाज. मुताले सात वर्षांची असताना तिचे आजोबा गेले, तेव्हा स्टेशनवरचा एक न्गोनी हमाल आला, कुणी बोलावलं नव्हतं, येऊन सरळ खणलेल्या खड्ड्यात आडवा झाला आणि म्हणाला, "ही जागा माझी, म्हाताऱ्याला दुसरीकडे न्या." मग बाहेर आला, आजोबांची टोपी घातली आणि आजोबांसारखा खोकला काढला, अगदी शेवटच्या घरघरीसकट. तीन दिवस पाणीसुद्धा न घेतलेली आजी फिस्सकन हसली. हसली आणि मग नीट रडली. मुतालेला ते कायम आठवायचं. जे सख्ख्यांना करता येत नाही ते चिम्बुयाला करता येतं, असं आई म्हणायची. मुतालेला त्याचा अभिमान होता, खरंच. या परक्या शहरात, जिथं तिला सगळे नुसती "ती झांबियावाली" म्हणतात, तिथं एखादा न्गोनी भेटला की तिच्या अंगात वारं संचारायचं.

गेल्या वर्षी शावा कुटुंब आलं. झांबियातल्याच चिपाता गावचे. शावा सर निवृत्त हेडमास्तर, त्यांची बायको एस्नार्ट, आणि मुलगी तियोंगे, अठरा वर्षांची. बंदरात सरांनी परदेशातून मागवलेली गाडी बोटीनं आली होती, चंदेरी नोहा, ती सोडवून घरी न्यायची. खरं तर एकट्या माणसाचं काम, पण एस्नार्टनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून सगळे आले. झांबियाची गिऱ्हाइकं मुतालेकडेच असतात, ती बस स्टँडवर घ्यायला गेली आणि आडनाव ऐकल्याबरोबर सुरू झाली. "शावा? म्हणजे न्गोनी? अरे देवा. डब्यात उंदीर नाहीत ना? बंदरात चालत नाहीत." सर थांबले. बॅग खाली ठेवली. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "एस्नार्ट, बघ, इथं समुद्राकाठी माकडं संपली म्हणून ही बेंबा किती वाळलीये." तिथंच जमलं. बापाच्या वयाचा माणूस, एरवी मुतालेनं गुडघे टेकून नमस्कार केला असता, मान वर करून बोलली नसती, पण चिम्बुया म्हटल्यावर अरे-तुरे. पहिले दोन दिवस नुसता धुमाकूळ. समुद्रावर एस्नार्टनं एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं, चर्चमधल्या बायकांना चाखवायला, तर मुताले म्हणाली, "काकू, हे पाणी उंदराच्या रश्श्यात घाला, मीठ वाचेल." आणि सर म्हणाले, "हिला चिपाताला नेऊ, शेतात बुजगावणं लागतंच."

तिसऱ्या दिवसाची सकाळ. हेच ते. हे ती हजार वेळा आठवते, मागे घेते, पुन्हा पुढे करते. गाड्यांच्या आवारात सकाळी आठलाच डांबर तापायला लागतं. झांबियाची दहाबारा गिऱ्हाइकं शेडखाली कागदांची वाट बघत होती, शावा सर टायरच्या थप्पीवर बसले होते, खाकी सफारी, डोक्याला कॅप. संत्रीवाला आला. सरांनी उजव्या हातात संत्रं घेतलं आणि ते पडलं. संत्रीवाल्यानं दुसरं दिलं. तेही पडलं. तियोंगे फोनवर शूटिंग करत होती, कारण मुताले आणि सर समोरासमोर आले की ती शूटिंग करायचीच, घरी मावश्यांना पाठवायला. मुताले म्हणाली, "न्गोनीच्या हाताला भाल्याची सवय. संत्रं कसं धरायचं ते शिकवलंच नाही कुणी." शेड हसली. सर हसले. हसताना तोंडाची एक बाजू थोडी मागे राहिली, जसा वर्गात एखादा ढ मुलगा सगळे हसून झाल्यावर हसतो. सर म्हणाले, "ए बेंबे, तू करणी केलीस. हाताला मुंग्या लावल्यास. मरणार मी इथंच." आणि ती म्हणाली, "मर की मग, कोण अडवतंय? मी येते नाचायला. गाडी तेवढी माझ्या नावावर करून मर." लोकांनी टाळ्या दिल्या. कॉपरबेल्टच्या खाणींकडचा एक जाडा माणूस खुर्चीवरून पडता पडता राहिला.

एवढंच असतं तर ठीक होतं. एवढ्यावर ती झोपू शकली असती. पण टाळ्या थांबल्यावर सरांनी तिला जवळ बोलावलं, आवाज खाली केला आणि म्हणाले, "मुताले. बेटा, हात जड झालाय गं." बेंबे नाही म्हणाले, माकडखाऊ नाही म्हणाले. नावानं हाक मारली. तीन दिवसांत पहिल्यांदा. आणि तिला ते कळलं. हे ती कुणाला सांगत नाही, मला सांगितलं, की तिला त्याच क्षणी कळलं, जसं घरात कुणी हळूच दार लोटलं तर पाठीला कळतं. खेळातून एक माणूस बाहेर पडून समोर उभा होता, साधा, अठ्ठावन्न वर्षांचा, घाबरलेला. पण पलीकडे जाडा माणूस वाट बघत होता, आता बेंबा काय बोलते म्हणून, सगळेच वाट बघत होते, आणि मुतालेच्या जिभेवर वाक्य तयार होतं, चांगलं होतं, ते वाया घालवायचं तिच्या जिवावर आलं. ती मोठ्यानं म्हणाली, "हात जड झाला? रात्री कुणाच्या घरातले उंदीर उचललेस?" सरांनी तिच्याकडे पाहिलं. एक सेकंद. मग तेही हसले, कारण हसणं भागच होतं, चिम्बुयासमोर माघार कोण घेतं? तिथून पुढे पाच तास तो माणूस मस्करी करत राहिला. डावा हात वापरत राहिला आणि मस्करी करत राहिला.

ती म्हणते, मी विसरले होते. कागद आले, शिक्के, इंजिन नंबर, तिला दुसरी दोन गिऱ्हाइकंही होती, आणि सर ठीक तर दिसत होते. दुपारी जेवले. घरची न्शिमा, ती मक्याच्या पिठाची घट्ट उकड, मिळत नाही म्हणून इथल्या उगालीच्या उकडीला नावं ठेवत डाव्या हातानं जेवले, एस्नार्ट म्हणाली, "अहो, डाव्या हातानं?" तर म्हणाले, "उजवा हात बेंबानं खाल्ला." पुन्हा हशा. दीड वाजता नोहाची किल्ली हातात आली, ते ड्रायव्हरच्या जागेवर चढायला गेले, एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि तसेच खाली आले, सावकाश, कुणीतरी कोट खुंटीवरून काढावा तसे. आणि सगळ्यांत पहिल्यांदा, ऐक, सगळ्यांत पहिल्यांदा काय झालं माहितीये? लोक हसले. त्यांना वाटलं नाटक आहे. एस्नार्टही हसत म्हणाली, "उठा आता, पुरे." मुताले हसली नाही. मुताले धावली.

आणि तिथून पुढे तिनं जे केलं ना, त्याला तोड नाही, कुणीही सांगेल. नोहाच्या मागच्या सीटवर त्यांना घातलं, आवारातल्या एका ड्रायव्हरला बसवलं, स्वतः खिडकीतून अर्धी बाहेर लटकून हात हलवत रस्ता मोकळा केला, ट्रॅफिक पोलिसाला शिव्या दिल्या, चाळीस मिनिटांत इस्पितळ. स्ट्रेचर तिनं ओढलं. फॉर्म तिनं भरला. एस्नार्टच्या हातातली पर्स गळून पडत होती ती तिनं गळ्यात अडकवून घेतली. तियोंगे भिंतीला टेकून उभी होती, दात वाजत होते, त्या उकाड्यात, तिच्या खांद्यावर मुतालेनं स्वतःचा चितेंगे, कमरेला गुंडाळायचं ते छापील कापड, टाकला. नर्स म्हणाली, "तुम्ही मुलगी का?" ती म्हणाली, "हो." आत्ताही तिला वाटतं की त्या दिवशी एकाच माणसाच्या अंगात दोन बायका होत्या, एक धावत होती आणि एक धावणारीच्या मागे लपत होती.

तिथं डॉक्टर मुशी होत्या. उंच बाई, चष्मा केसांत खोचलेला, आवाज हळू. डोक्याचा फोटो काढून झाला आणि त्यांनी तिघींना एका कोपऱ्यात घेतलं. म्हणाल्या, "मेंदूच्या नसेत गुठळी आहे. ती विरघळवायचं औषध माझ्याकडे आहे. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशीर झाला असेल आणि तरी दिलं, तर डोक्यात रक्त फुटू शकतं. म्हणून मला नीट सांगा. हा माणूस शेवटचा पूर्ण धडधाकट कधी होता?" भिंतीवर घड्याळ होतं. तीनला दहा कमी.

एस्नार्ट लगेच म्हणाली, "दीड वाजेपर्यंत. डॉक्टर, दीड वाजेपर्यंत अगदी छान. जेवले. मस्करी करत होते हिच्याशी. विचारा हिला."

डॉक्टर मुशी मुतालेकडे वळल्या. "तुम्ही सकाळपासून सोबत होतात?"

"हो."

"दीडच्या आधी काही नाही? हात जड, तोंड वाकडं, बोलणं अडखळलं, काहीच नाही?"

बघ आता. इथं ती जेव्हा जेव्हा येते तेव्हा वेळ थांबते, आणि तिला त्या कोपऱ्यातलं सगळं दिसतं. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक वाकडं होतं. डॉक्टरांच्या कोटाच्या खिशाला निळी शाई लागली होती. एस्नार्टनं तिचा हात धरला होता, घट्ट, घामेजलेला हात, आणि तो हात म्हणत होता की बोल, हो म्हण, माझ्या नवऱ्याला औषध मिळू दे. सकाळचं सांगितलं तर औषध नाही. मग काय, नुसतं बघत बसायचं? तो कायमचा तसाच, अर्धा, लाळ गळणारा, आणि तेही वाचला तर. नाही सांगितलं तर औषध. कदाचित उठेल. कदाचित उद्या उठून म्हणेल, बेंबे, तुझी करणी फुकट गेली. हे एक झालं. पण त्याच्या खाली दुसरंही होतं, चिखलासारखं. सकाळचं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही तेव्हाच का आणलं नाही? आणि एस्नार्टचा हात तिच्या हातातून सुटणार. ती म्हणते, मला अजून कळत नाही मी त्यांना वाचवायला बोलले की मला. दोन्ही एकाच शब्दात बसलं. शब्द छोटा होता.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

तियोंगेनं मान हलवली, ती पण तेच म्हणाली, नाही, बाबा ठीक होते. ती पोरगी खोटं बोलत नव्हती. तिनं शूटिंग केलं होतं, पण बघितलं नव्हतं, हसत होती.

औषध दिलं. आणि ऐक, तासाभरात सरांची उजवी बोटं हलली. खरंच हलली, नर्सनं दाखवलं. एस्नार्ट तिथंच गुडघ्यांवर बसली, मोठ्यानं देवाचे आभार मानायला लागली, आणि मग मुतालेचे मानायला लागली, त्याच आवाजात, जसा देव आणि मुताले एकाच ऑफिसात कामाला आहेत. मुताले बाहेर आली, जिन्यावर बसली, आणि फाटकाजवळच्या बाईकडून कसाव्हाच्या कंदाच्या तळलेल्या कापांची पुडी घेऊन सगळी संपवली. बोटांवरचं मीठ-तिखट चाटलं. इतकी चव तिला कधी लागली नव्हती. आपण केलं ते बरोबर केलं, तिला वाटलं, आणि मनात ती उद्याची वाक्यं जुळवायला लागली, सर शुद्धीवर आले की काय बोलायचं, लंगड्या न्गोनीवर चांगलं काहीतरी.

पाच वाजता सरांनी डोकं धरलं. साडेपाचला उलटी. मग डॉक्टर मुशी धावत आल्या, चष्मा केसांतून डोळ्यांवर आलेला. रक्त फुटलं होतं. त्यानंतर दोन दिवस ते मशीनला होते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. शेवटी डॉक्टर मुशी म्हणाल्या, "वेळेत औषध दिलेल्या शंभरातल्या पाचसहा जणांनाही असं होतं. कुणाचा दोष नाही. तुम्ही लगेच आणलंत, तुम्हाला जे शक्य होतं ते केलंत." त्या थकल्या होत्या. त्यांचा स्वतःचा आवाज स्वतःलाच समजावत होता. मुतालेला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले, की बाई, तुम्ही काही चुकला नाहीत, मी तुम्हाला चुकीचं घड्याळ दिलं. नाही धरले. ते शंभरातले पाचसहा मात्र तिनं पकडून ठेवले. कधी कधी रस्त्यानं चालताना ती माणसं मोजते, शंभर झाले की थांबते आणि पाचसहा जणांचे चेहरे आठवायचा प्रयत्न करते.

सगळं तिनंच केलं, पुढचंही. दूतावासाचं पत्र, शवपेटी, विमान. लुकुवी साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर तिचं कौतुक केलं, म्हणाले, "माणुसकी शिकायची तर हिच्याकडून शिका," आणि सुट्टी दिली, कारण एस्नार्ट म्हणाली होती, ही आमच्याबरोबर येणार, हिच्याशिवाय मी त्यांना मातीत घालणार नाही. लुसाकाला उतरून चिपातापर्यंतच्या गाडीत एस्नार्ट तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. पायाशी समुद्राच्या पाण्याची ती बाटली होती, गाडी वळली की आत पाणी डुचमळायचं.

चिपाताला अंगणात दीडशे बायका बसलेल्या, रडण्याचा एक सूर, आणि गावातले सात-आठ बेंबा आधीच येऊन धिंगाणा घालत होते, पोलीस लाइनीतला एक, नर्सिंग शाळेतली एक मेट्रन, एक सायकलवाला. त्यांनी पेटी अडवली. म्हणाले, बोकड दिल्याशिवाय हा उंदीरखाऊ पुढे जाणार नाही. मेट्रनबाई सरांचा सफारी घालून हेडमास्तरांसारखी छडी घेऊन सगळ्यांची नखं तपासत होती. म्हाताऱ्या चितेंगेचं टोक तोंडाला लावून हसत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, "ही दारेसलामची बेंबा. शेवटपर्यंत हीच होती त्याच्यापाशी. हिला बोलू द्या." आणि तिला ढकललं पुढे. एका आजीनं तिच्या कमरेला चितेंगे बांधला, बोलणाऱ्या चिम्बुयाला बांधतात तसा.

मुताले उभी राहिली. आणि तिला वाटलं, इथं सांगता येईल. याच्यासाठीच तर असतो चिम्बुया, जे कुणी बोलू शकत नाही ते बोलायला. ती म्हणाली, "मी मारला याला." लोक पुढे सरकले, ऐकायला. ती म्हणाली, "सकाळी पावणेनऊला यानं मला सांगितलं, हात जड झालाय. मी म्हटलं, मर. हा म्हणाला, मरतो. आणि मी डॉक्टरला खोटं सांगितलं. म्हटलं, काही झालंच नव्हतं. तुमच्या हेडमास्तरला या बेंबानं मारला." तिचा आवाज फाटला. आणि अंगण फुटलं. हसण्यानं फुटलं. म्हाताऱ्या मांड्यांवर थापा मारायला लागल्या, सायकलवाल्यानं शीळ घातली, मेट्रन ओरडली, "बघा, तिकडे राहूनही हिची जीभ बोथट झाली नाही." एस्नार्ट हसली. ते गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, आणि हसता हसता तिचं रडणं मोकळं झालं. ती उठून आली, मुतालेला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पोरी, त्यांना फार आवडलं असतं हे." तियोंगे शूटिंग करत होती. त्या दिवशी तिनं आवारातला तो जुना व्हिडिओही सगळ्यांना दाखवला. फोन हातोहात फिरला. बाबांचं संत्रं पडतं, पुन्हा पडतं, बाबा अर्ध्या तोंडानं हसतात, कोपऱ्यात आठ बेचाळीस. दीडशे माणसांनी पाहिला आणि दीडशे माणसं हसली. मुतालेनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. एका माणसानं किती वेळा कबूल करायचं?

वर्ष झालं. तियोंगे त्याच मेट्रनच्या नर्सिंग शाळेत लागली. अधूनमधून मेसेज, काय गं माकडखाऊ, हाडं उरली का. मुताले पण उत्तर द्यायची. आणि परवा गाद्यांच्या दुकानाच्या पायरीवर, संत्रं अजून सँडलपाशी आहे असं वाटत असताना, तिनं शेवटी तो मेसेज उघडला.

"मुताले ताई, आज वर्गात लकवा शिकवला. चेहरा, हात, बोलणं. मी मधल्या सुट्टीत बाबांचा व्हिडिओ परत पाहिला. आठ बेचाळीसचा आहे तो. आईला काही सांगितलेलं नाही. मी तेव्हा समोर होते आणि मला काही कळलं नाही, याचा मला फार त्रास होतोय. तुला कळलं होतं का?"

तिनं तो चार वेळा वाचला. पोरीनं खेळ बाजूला ठेवला होता. बापासारखाच, नावानं हाक मारून समोर उभी राहिली होती. आणि ती स्वतःला दोष देत होती, अठरा वर्षांची असताना हसल्याबद्दल. मुतालेनं लिहिलं, "हो, मला कळलं होतं. तुझा काही दोष नाही." हे तिनं खरंच लिहिलं, मी तिच्या फोनमध्ये नंतर पाहिलं नाही, पण ती म्हणते लिहिलं होतं, बोट बटणावर होतं. मग तिला एस्नार्ट दिसली. मग डॉक्टर मुशी दिसल्या, चष्मा डोळ्यांवर आलेला. मग ते अंगण, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं. गादीवाला म्हणाला, "ताई, पाणी देऊ का? तुमचा चेहरा बरा दिसत नाही." तिनं लिहिलेलं पुसलं. एक एक अक्षर, मागून पुढे. आणि दुसरं लिहिलं. जिभेवर तयारच होतं.

"ए उंदीरखाऊ, तुझ्या बापाच्या हाताला भाल्याची सवय. त्यांना संत्रं कसं धरायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. अभ्यास कर, पेशंटला सुई टोचताना भाला घेऊन जाशील."

पाठवलं. लगेच दोन निळ्या खुणा आल्या. तिकडे तियोंगे लिहायला लागली, लिहितेय असं दिसलं, थांबली, परत लिहितेय, परत थांबली. बराच वेळ. मुताले स्क्रीनकडे बघत बसली. मग तिकडून एक हसरा चेहरा आला. एकच. त्याच्याखाली काही नाही, कालपर्यंत तरी नाही.

हे सगळं तिनं मला काल सांगितलं. तू सांग, त्या पायरीवर, हातात तो फोन, आणि तिकडे ती पोरगी वाट बघतेय, तू काय केलं असतंस?